दुसरी पसंती कोणाची?

2024 साली भिवंडीतून सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्यामामा 4,99,464 मते घेऊन खासदार झाले. कपिल पाटलांना 4,33,343 आणि अपक्ष निलेश सांबरेंना 2,31,417 मते पडली. मग सांबरेंनी मते खाल्ली ती कोणाची? कार्यकर्ते यावर छातीठोकपणे बोलतील. पण सांबरेंच्या मतदारांना कोणी विचारलंच नव्हतं. यंत्रावर दाबायचं बटण एकच.

निकालाला महिना व्हायच्या आत, 26 जूनला, कोकण पदवीधर मतदारसंघाची निवडणूक झाली. तिथे भिवंडीतल्याच पदवीधरांच्या हाती कागदी मतपत्रिका आणि निवडणूक आयोगाचा जांभळ्या शाईचा पेन! नावांपुढे 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहायचा. कोणालाच निम्म्याहून जास्त मते नसतील, तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते पुढच्या पसंतीकडे जातात. आमदारही राज्यसभेसाठी असंच मत देतात; तिथे जागा अनेक, म्हणून विजयी उमेदवारांची जादा मतेही पुढच्या पसंतीकडे जातात. जून 2022 मध्ये पहिल्या पसंतीची 33 मते मिळवणारे संजय पवार हरले आणि 27 मते मिळवणारे धनंजय महाडिक दुसऱ्या पसंतीवर दिल्लीला गेले.

म्हणजे आमदाराला दुसरी पसंती आहे, पदवीधराला आहे. भिवंडीत मागावर पाळी करणाऱ्या कामगाराला नाही. त्याला झेपणार नाही म्हणावं, तर पदवीधरांचीही हजारो मते बाद होतात.

मुंबई प्रांतात 1937 साली आणखी वेगळी सोय होती. बहुसदस्यीय मतदारसंघात जागा तितकी मते, आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. विखुरलेल्या अल्पसंख्याकांना एकवटायची ही संधी होती. 1952 च्या द्विसदस्यीय मतदारसंघांत ती उरली नाही: मते दोन, पण एकाला एकच. त्या वर्षी उत्तर मुंबईत डॉ. आंबेडकर पराभूत झाले. पुढे 1961 च्या कायद्याने द्विसदस्यीय मतदारसंघच गेले.

महापालिकेत मात्र बहुसदस्यीय पद्धत ‘पॅनेल’ म्हणून परतली. 2017 साली भिवंडीच्या 90 जागांसाठी बहुतेक प्रभागांत चार-चार नगरसेवक निवडायचे होते. पण अ, ब, क, ड जागांची मोजणी वेगवेगळी. प्रभागात ज्याचा जोर, तो चारही जागा नेऊ शकतो. तीस टक्के मते मिळवणाऱ्या गटाच्या हाती भोपळा.

आयर्लंडमध्ये मतदारसंघ तीन ते पाच सदस्यांचे असतात आणि सगळ्या जागांसाठी मिळून एकच पसंतीक्रम लिहायचा असतो. मोजणी कधी कधी दिवसेंदिवस चालते, तरी 1922 पासून तिथल्या संसदेचं कनिष्ठ सभागृह असंच निवडलं जातं. भिवंडीचा चार सदस्यांचा प्रभाग त्या मापात बसतो. महिला आणि मागासवर्गीयांचं आरक्षण या मोजणीत कसं बसवायचं, ही खरी डोकेदुखी. ती सोडवायचं काम विधानसभेचं आहे, आणि पसंतीक्रमाचं गणित तिथल्या आमदारांना पाठ आहे.