नित्याचे शिष्यत्व

नांदेड येथे ‘शिष्य’ हा शब्द केवळ पोथीत राहिलेला नाही. तो रस्त्याने चालताना दिसतो. ‘शीख’ हे नाव त्याच शब्दापासून आलेले. इ. स. १७०८ मध्ये गुरु गोविंदसिंगांनी गोदातीरी देह ठेवला, आणि त्यापूर्वी ग्रंथास गुरुपद दिले, अशी शीख परंपरा आहे. तेव्हापासून त्या पंथात देहधारी गुरू नाही. शिष्य मात्र आहेत. डोळ्यांस न दिसणाऱ्या गुरूचे शिष्यत्व कसे चालवावे, हा प्रश्न त्या गावी सहजच मनात येतो. ख्रिस्ताच्या अनुयायांपुढेही तो हाच आहे. ज्याने गालीलाच्या किनाऱ्यावर हाक मारली, तो आज नांदेडच्या वा लातूरच्या बाजारात कोणास हात धरून नेत नाही. मग त्याच्या हाकेस ओ द्यावयाची ती कोठे?

या हाकेचा अर्थ सर्वस्वत्याग, असा सामान्य समज आहे. कोळ्यांनी जाळी टाकली, मत्तयाने जकातीचे ठाणे सोडले, हे खरेच. परंतु लूकाच्या शुभवर्तमानात जक्कयाचीही कथा आहे. तोही जकातदारच, किंबहुना त्यांचा मुख्य. त्यास घर सोडावयास सांगितले नाही. उलट गुरूच त्याच्या घरी उतरला. जक्कयाने अर्धे धन दरिद्र्यांस देण्याचे व लुबाडलेल्यांस चौपट परत करण्याचे कबूल केले. प्रपंचात राहिलेल्यांस हा दुसरा दाखला अधिक जवळचा आहे. जाळे टाकून जाणे कठीण खरे. पण ते हाती ठेवून कोणाच्या गळ्याभोवती पडू न देणे सोपे आहे, असे कोण म्हणेल?

आपल्या भाषेत याचे उत्तम उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्रात गलबला झाला. लक्ष्मीबाईंचा मार्ग निराळा. कित्येक वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे परतल्या, तरी स्वयंपाकाचा व पाण्याचा विटाळ पाळीतच होत्या. जातिभेद ईश्वराने केला नसून मनुष्याने केला, असा त्यांच्या मनाचा निश्चय झाला, तेव्हा त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास आरंभ केला. आणि मग १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. नाव बदलण्याआधी त्यांचे स्वयंपाकघर बदलले होते. ‘स्मृतिचित्रे’ वाचणारास हे परिवर्तन व्याख्यानपीठावर नव्हे, चुलीपाशी घडताना दिसते. टिळकांनीही १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोघांसही स्थान ठेवले.

येथे कोणी म्हणेल, नीट वागणे तर प्रत्येक सज्जन करतो. त्यास शिष्यत्वाचे मोठे नाव कशाला? आक्षेप पोकळ नाही, आणि सौजन्यास कमी लेखण्याचा आमचा हेतूही नाही. तथापि आपले सौजन्य बहुधा जेथे स्वतःचे नुकसान सुरू होते तेथे थांबते. शिष्याची वाट तेथून पुढे जाते.

लातूरकरांस हे समजावून सांगण्याची गरज नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने त्या शहरास पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेस सुमारे पाच लाख लिटर. अशा दिवसांत ज्याच्या अंगणातील विंधनविहिरीस पाणी असते, त्याच्यापुढे साधाच प्रश्न उभा राहतो: फाटकास कुलूप घालावे, की शेजाऱ्याची घागर आधी भरू द्यावी? आणि तो शेजारी कोणत्या वस्तीतला, हे विचारावे काय? शिष्य म्हणून पेलाभर थंड पाणी देणाराचे फळ बुडत नाही, असे ख्रिस्ताने सांगितले. उन्हाळ्यात मराठवाड्यात राहिलेल्या मनुष्यास ते वचन अलंकारिक वाटणार नाही.

लातूरपासून फार दूर नसलेल्या तेर गावची कथा सर्वांस ठाऊक आहे. गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची मस्तके ठोकून पाहिली, आणि प्रत्यक्ष विठ्ठलाचे लाडके नामदेव कच्चे ठरले. कारण त्या टपलीने त्यांस राग आला. देवाशी इतकी जवळीक असूनही भाजणे उरलेलेच होते. धर्म कोणताही असो, गोष्ट तीच. हाक एके दिवशी ऐकू येते. मडके मात्र रोजच्या आचेवर भाजते. तेव्हा आपण कोणाचे शिष्य, हे आपल्या उपासनेवरून आम्ही ठरवू नये. आपल्या तागडीवर ज्यांनी माल मोजून घेतला आणि आपल्या दारी ज्यांनी पाणी मागितले, त्यांस ते विचारावे.