पाहणाऱ्याचे ऋण : प्रवासवर्णन आणि नगरदर्शन यांचा नैतिक विचार

प्रवासलेखनाची मराठीतील चर्चा बहुधा एकाच अक्षावर फिरत राहिली आहे. प्रवाशाचे व्यक्तिमत्त्व जेथे उमटते ते ललित प्रवासवर्णन आणि जेथे केवळ स्थळांची माहिती मिळते ती मार्गदर्शिका, असा हा भेद आहे. वाङ्मयप्रकाराच्या सोयीसाठी तो ठीक असला, तरी त्यात एक नैतिक गृहीतक दडलेले असते. आत्मपर लेखन फार तर आत्मप्रौढीकडे झुकेल, निर्वैयक्तिक लेखन मात्र स्वभावतःच निरुपद्रवी असते, असे ते गृहीतक होय. ते तपासण्यासाठी प्रश्न वेगळ्या रीतीने विचारावा लागतो. ज्या माणसांच्या गावात प्रवासी वावरतो, ज्यांचे पाणी पितो, ज्यांना वाट विचारतो, त्यांचे त्याच्यावर काही ऋण असते काय? आणि लेखनाचा प्रकार त्या ऋणाचे काय करतो?

शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्याबरोबर मनुष्यांचेही ऋण सांगितले आहे व ते आतिथ्याने फिटते असे म्हटले आहे. तेथे विचार यजमानाच्या बाजूने झालेला आहे. ज्याने आतिथ्य घेतले आणि घरी परतून त्याचे पुस्तक केले, त्याच्या ऋणाची मीमांसा मात्र प्रवासलेखनाच्या समीक्षेलाच करावी लागेल.

आधुनिक मार्गदर्शिकेचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्थिर झाले. जॉन मरे यांची युरोप खंडासाठीची हस्तपुस्तिका १८३६ मध्ये निघाली. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल बेडेकर यांची पुस्तके प्रतिष्ठा पावू लागली आणि पाहण्याजोग्या स्थळांपुढे तारका छापण्याची त्यांची पद्धत पुढे सर्वपरिचित झाली. या लेखनाचे व्याकरण लक्षात घेण्याजोगे आहे. त्यात ‘मी’ नाही. क्रियापदे आज्ञार्थी किंवा कर्त्यावाचून येतात : डावीकडे वळावे, मनोरा पाहावा, एक तास पुरेल. पाहणारा अदृश्य झाला की त्याची निवडही अदृश्य होते आणि कोणाच्या तरी रुचीने ठरवलेली उतरंड शहराचा स्वभावधर्म वाटू लागते. १९५७ मधील आपल्या ‘मिथॉलॉजीज’ या संग्रहात रोलाँ बार्थ यांनी स्पेनविषयीच्या एका फ्रेंच मार्गदर्शिकेचे विश्लेषण केले. तिच्यात स्मारकांनी माणसांना हटवले आहे आणि जी माणसे उरली ती केवळ नमुने म्हणून उरली आहेत, हा त्यांचा आक्षेप होता.

हा आक्षेप केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही, हे त्याआधीच्या इतिहासाने दाखवून दिले होते. १९४२ च्या वसंतात ल्यूबेक शहरावरील बाँबहल्ल्याचा सूड म्हणून जर्मन विमानांनी एक्सेटर, बाथ, नॉरिच, यॉर्क, कँटरबरी या ऐतिहासिक शहरांवर हल्ले केले. जर्मन परराष्ट्र खात्याच्या एका प्रवक्त्याने त्यांचा संबंध बेडेकरच्या तारकांशी जोडला आणि हे हल्ले त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. प्रवाशाने काय पाहावे हे सांगणारी खूण येथे काय नष्ट करावे हे सांगणारी खूण झाली. पुढच्याच वर्षी, १९४३ मध्ये, जर्मनव्याप्त पोलंडची बेडेकर मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. तिच्यात एखाद्या शहरातील ज्यू वस्तीचा उल्लेख येतो तो ते शहर आता ज्यूंपासून ‘मुक्त’ झाल्याची नोंद करण्यापुरता. लोकसंख्या, उपाहारगृहे, प्रार्थनामंदिरे यांच्या तपशिलाला जो निर्विकार स्वर, तोच एका समाजाच्या संहाराला.

यावर असे म्हणता येईल की दोष राजवटीचा होता, वाङ्मयप्रकाराचा नव्हे. हे अंशतः खरे आहे. मार्गदर्शिकेने संहार घडवला असे कोणी म्हणणार नाही. परंतु जे वाक्य लिहिताना कोणालाही ‘हे मी पाहिले’ असे म्हणावे लागत नाही, ते वाक्य संहारानंतरही विनासायास लिहिता येते. निर्वैयक्तिकतेचे नैतिक मोल येथे कळते. ती खोटे बोलतेच असे नाही. ती उत्तर देण्याच्या जबाबदारीतून लेखकाला मोकळे करते.

मग ‘मी’ परत आणल्याने प्रश्न सुटतो काय? साहसाची बहुसंख्य वर्णने पाहता तसे म्हणवत नाही. त्यांत स्थानिक माणूस येतो तो अडथळा म्हणून किंवा मदत म्हणून. तो नायकाच्या मार्गातला एक प्रसंग असतो आणि ‘मी’ इतका मोठा होतो की धनको दिसेनासाच होतो. तरीही या प्रकाराच्या दुसऱ्या शक्यता मराठीने फार पूर्वी पाहिल्या आहेत. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’मध्ये विष्णुभट गोडसे घरच्या कर्जाचा भार हलका व्हावा म्हणून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघतात आणि १८५७ च्या बंडात सापडतात. पुढच्या वर्षी झाशी पडते तेव्हा ते त्या शहरात पाहुणे उरलेले नसतात. इतरांबरोबर जीव मुठीत धरून लपलेले असतात. त्यांचे शहर लपण्याच्या जागेतून दिसते. येथे साहस आहे, पण पराक्रम नाही. झाशीवर जे ओढवले ते पाहणाऱ्यावरही ओढवले, म्हणूनच त्याच्या ‘मी’ला साक्षीचा अधिकार आहे.

प्रत्येक प्रवाशावर अशी वेळ येत नाही आणि यावीही असे कोणी म्हणणार नाही. पंडिता रमाबाईंचे अमेरिकेवरील प्रवासवृत्त (१८८९) वेगळी वाट दाखवते. त्या देशातील स्त्रियांच्या संघटनांविषयी त्यांना आदर आहे, पण तेथील वर्णभेद आणि मूळ रहिवाशांवरील अन्याय त्या झाकत नाहीत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हे पाहणे ज्या समाजातून त्या निघाल्या त्याच्याकडे उलटून येते. दुसऱ्याचे वर्णन करताना स्वतःच्या घराची झडती घेणे हीदेखील ऋणफेडीची एक रीत आहे.

गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) या दोहोंहून निराळे. जातिजमातींच्या याद्या, इंग्रजी राज्याचे कौतुक या मर्यादा त्यात आहेतच. तथापि त्याचा वाचक त्याच रस्त्यांवरून चालणारा होता. वर्णनात चूक झाली, तर वर्णिला गेलेला माणूस ती बोलून दाखवू शकत होता. ज्याच्याविषयी लिहिले जाते तो संभाव्य वाचक असणे, ही नगरवर्णनाची किमान नैतिक अट मानता येईल.

ही अट मोडल्यावर काय उरते याचे चित्र व्हेनिसमध्ये दिसते. १९५१ मध्ये तेथील ऐतिहासिक बेटांवर सुमारे १,७५,००० माणसे राहत होती. २०२२ मध्ये ती संख्या ५०,००० च्या खाली गेली आणि एप्रिल २०२४ पासून काही ठरावीक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यांकडून प्रवेशशुल्क घेतले जाऊ लागले. या स्थलांतराला महागाई, पूर, रोजगार अशी अनेक कारणे आहेत. सगळा दोष पुस्तकांच्या माथी मारता येत नाही. परंतु शतकभराहून अधिक काळ ज्या शहराचे वर्णन तेथील रहिवाशांना वगळून होत आले, ते शहर हळूहळू त्या वर्णनासारखे होत गेले, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. शुल्क भरल्याने पाहुण्याचा हिशेब नगरपालिकेशी पुरा होतो. ज्याच्या दारावरून तो गेला, त्याच्याशी तो अद्याप पुरा व्हायचा असतो.