न सांधलेला गुडघा

प्राण्यांवरील प्रयोगांचे समर्थन करताना एक वाक्य आपण सहज बोलून जातो : त्याचा जीव गेला, पण माणसाचा वाचला. जीवाला जीव, असा हा रोखठोक हिशेब. परंतु गुडघ्यातील अस्थिबंध तुटल्याने कोणी मरत नाही. माणूस लंगडतो, मैदानाला मुकतो, पुढे सांधा झिजतो. मग तागडीच्या दुसऱ्या पारड्यात आपण काय ठेवणार?

गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटला की सहसा आपण होऊन जुळत नाही. सांध्यातील द्रवात रक्ताची गाठ टिकत नाही, म्हणून दोन टोकांमध्ये पूलच उभा राहत नाही. गुरांच्या कोलॅजनचा स्पंजासारखा तुकडा रुग्णाच्याच रक्तात भिजवून तेथे बसवावा, ही बोस्टनच्या बालरुग्णालयातील डॉ. मार्था मरे यांची युक्ती. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ६४ लहान जातीच्या डुकरांचा हा बंध मुद्दाम कापण्यात आला. काहींवर रूढ शस्त्रक्रिया झाली, काहींवर नवी. काहींना तसेच ठेवले. वर्षाअखेर नव्या रीतीने सांधलेल्या गुडघ्यांतील कूर्चा रूढ शस्त्रक्रियेच्या गुडघ्यांहून कमी झिजलेली आढळली. २०१५ साली ही शस्त्रक्रिया माणसावर झाली आणि २०२० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली.

‘काहींना तसेच ठेवले’ या तीन शब्दांपाशी विवेक अडखळतो. इतरांविषयी निदान म्हणता येते, की जखम आपण केली आणि आपणच सांधली. यांना तेवढेही मिळाले नाही. तरी तुलना उभी आहे ती यांच्याच पायावर. ती नसती तर ज्ञान हा नुसता अंदाज ठरला असता, आणि त्याची परीक्षा एखाद्या मुलाच्या गुडघ्यावर झाली असती. म्हणून हा प्रयोग मला समर्थनीय वाटतो. निष्पाप मात्र वाटत नाही. डुकराचा गुडघा आपल्यासारखा, म्हणून तर प्रयोग ग्राह्य. मग त्याचे दुखणे तेवढे आपल्यासारखे नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

रसेल आणि बर्च यांनी १९५९ सालीच सांगितले होते : शक्य तेथे प्राण्याला पर्याय शोधा, संख्या घटवा, वेदना कमी करा. त्यात मी एवढेच जोडीन, की फसलेला प्रयोगही लपवू नये. तो लपवला, तर तोच प्रश्न कोणी तरी पुन्हा विचारील, आणि उत्तरासाठी आणखी काही गुडघे न सांधता ठेवावे लागतील.