गाणारा खोटा, तर गाणेही खोटे काय?

एका गीताने आजाऱ्याला धीर दिला आणि पुढे कळले की ते रचणारा माणूस ढोंगी होता. मग त्या आजाऱ्याला मिळालेला धीर खरा म्हणायचा की खोटा?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. ऑस्ट्रेलियात मायकेल गुग्लिएल्मुची नावाचा एक तरुण ख्रिस्ती पाळक होता. आपल्याला असाध्य कर्करोग झाला आहे, असे तो सांगत असे. त्याने 'हीलर' नावाचे गीत रचले. हीलर म्हणजे बरे करणारा. नाकात प्राणवायूची नळी लावून ते त्याने भर सभेत गायिले. खरोखरीच्या रोग्यांनी ते गीत उराशी धरले. ऑगस्ट २००८ मध्ये त्याने कबूल केले की आपल्याला कर्करोग कधी झालाच नव्हता. घरची माणसेसुद्धा फसली होती. तरीही गीत मेले नाही. २००९ साली अमेरिकेत कारी जोब या गायिकेने ते पुन्हा गायिले आणि लोक ते ऐकत राहिले.

आमच्या शाळेतील एक ख्रिस्ती सहकारी मधल्या सुट्टीत मोबाईलवर असली आधुनिक ख्रिस्ती गीते ऐकतात. सृष्टिकर्त्या ईश्वरावर माझा विश्वास नाही. तरी कधीकधी हातातल्या वह्या तपासावयाच्या थांबवून मी ऐकत बसतो. आणि लगेच मनात येते, की हा गाणारा मनापासून गातो आहे, की धंद्यासाठी?

संशयाला जागा आहे, हे मान्य केले पाहिजे. १९६९ साली कॅलिफोर्नियातील लॅरी नॉर्मनने रॉक संगीतात येशूची गाणी गायिली, तेव्हा कित्येक चर्चवाल्यांना ते पाखंड वाटले. पुढे त्याच संगीताचा मोठा व्यापार झाला. नॅशव्हिल शहर त्याची पेठ बनले. १९९२ साली ईएमआय या बड्या कंपनीने 'स्पॅरो' ही ख्रिस्ती ध्वनिमुद्रिकांची कंपनी विकत घेतली. भक्तीचा भाव नफातोट्याच्या वहीत लिहिला जाऊ लागला, की भाव म्हणजे श्रद्धा की किंमत, हे कळेनासे होते.

परंतु पैसा आला म्हणजे खोटेपणा आला, असे म्हणणे सोपे असले तरी बरोबर नाही. मी शिक्षक आहे. शिकविण्याचा पगार घेतो. एवढ्यावरून माझे शिकविणे खोटे ठरते काय? मग पाहावयाचे ते हे, की पैशापुढे माणूस काय सोडावयास तयार आहे. रिच मलिन्स हा अमेरिकन गायक लोकप्रिय होता. त्याने आपल्या मिळकतीतून सामान्य कामगाराइतकेच वेतन स्वतःकडे घेतले, उरलेले दान होई. १९९५ पासून तो नाव्हाहो आदिवासींच्या भागात राहून मुलांना संगीत शिकवीत होता. १९९७ साली अपघातात गेला. कीथ ग्रीनने १९८० मध्ये आपली ध्वनिमुद्रिका ज्याला जे परवडेल त्या मोलात दिली. काळ्या समाजातील थोर गायिका महालिया जॅक्सन हिने मद्याच्या क्लबांत गाण्याचे निमंत्रण नाकारले. याच बाजारात ही माणसेही होती.

दुसऱ्या बाजूला मायकेल इंग्लिश. १९९४ साली त्याला ख्रिस्ती संगीतक्षेत्रातील मानाचे डव्ह पुरस्कार मिळाले. थोड्याच दिवसांत त्याने विवाहबाह्य संबंधाची कबुली देऊन पुरस्कार परत केले. कंपनीने त्याच्याशी संबंध तोडला. तो घसरला, यात शंका नाही. पण त्याला आणि गुग्लिएल्मुचीला एकाच तराजूत तोलता येईल काय? एकाचा पाय घसरला. दुसऱ्याने घसरगुंडीच बांधली. जे बोलतो तितके जगता न येणे ही दुर्बलता होय. लोकांच्या विश्वासाचे भांडवल करण्यासाठी नसलेले दुःख मांडणे हा दंभ होय. दोन्ही दोष आहेत, पण दोन्ही एक नव्हेत.

येथे आपण ऐकणारेही सुटत नाही, वाचकहो. गाणाऱ्याकडून आपल्याला गाणे पुरत नाही. तो निष्कलंक हवा, त्याचे दुःख मोठे हवे, त्याचा संसार आदर्श हवा. एमी ग्रँट या गायिकेचा १९९९ साली घटस्फोट झाला, तेव्हा तिचा आवाज बदलला नव्हता. तरी अनेक श्रोते दुखावले. जेथे पावित्र्याला एवढी मागणी असते, तेथे पावित्र्याची नक्कल तयार होतेच. माणसाची पूजा करणारा समाज ढोंगाला आमंत्रण देतो. विभूतिपूजेविरुद्ध बाबासाहेबांनी दिलेला इशारा आपणास पाठ आहे. तो केवळ राजकारणापुरता मानण्याचे कारण नाही.

आता माझे सांगतो. फळ्यावर 'सदा खरे बोलावे' हा सुविचार मी स्वतःच्या हाताने लिहिला, आणि त्याच दिवशी तपासणी होती म्हणून गैरहजर मुलांची हजेरी भरली. वर्गातल्या एका मुलीने ते पाहिले. ती काही बोलली नाही. तिने फक्त फळ्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. त्या क्षणी फळ्यावरचे वाक्य खोटे झाले होते काय? नाही. ते वाक्य खरे होते म्हणूनच मी उघडा पडलो. मी त्या वाक्याला खोटे पाडू शकलो नाही. वाक्याने मला खोटे पाडले.

यावरून मी सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. रोग्याला मिळालेला धीर खरा होता, कारण तो त्याच्या स्वतःच्या झुंजीतून आला होता. गीत निमित्त होते. पण त्यामुळे रचणारा निर्दोष ठरत नाही. उलट त्याचा अपराध वाढतो, कारण त्याने खऱ्या दुःखाची उसनवारी केली आणि परतफेड केली नाही. गीत श्रोत्याचे होते; खोटेपणाचा हिशेब मात्र गाणाऱ्याच्याच नावावर राहतो.

म्हणून मी ती गीते ऐकतो, आणि संशयही सोडत नाही. गाण्याला त्याच्या अर्थाने तपासावे, गाणाऱ्याला त्याच्या आचरणाने. एकाचे गुण दुसऱ्याच्या खात्यात मांडू नयेत.

दुसऱ्या दिवशी मी हजेरीपट दुरुस्त केला. मुख्याध्यापक नाराज झाले. सुविचार मात्र मी पुसला नाही.