प्रदर्शन, प्रवास आणि चित्रकाराचा धर्म

एखाद्या चित्रकाराचा परिचय छापावयाचा झाला म्हणजे त्यांत तीन गोष्टी हटकून येतात. त्यानें कोठें कोठें प्रदर्शनें भरविलीं, त्याच्या चित्रशाळेस कोणकोणत्या मोठ्या माणसांनीं भेट दिली, आणि कोणत्या देशीं प्रवास करून त्यानें स्फूर्ति मिळविली. या तीन सदरांखालीं पुरेसा मजकूर भरला कीं वाचकांचें समाधान होतें आणि चित्रकाराचेंहि होतें. त्यानें काय पाहिलें व तें कसें पाहिलें, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीतच नाहीं. व्यापाऱ्याची थोरवी त्याच्या पेढ्यांच्या संख्येवरून ठरवावी, त्यांतलाच हा प्रकार झाला. प्रस्तुत लेखांत आम्ही या तिन्ही गोष्टींचा नीतीच्या दृष्टीनें थोडा विचार करणार आहों. चित्र काढणें हा जर चित्रकाराचा धर्म, तर तें लोकांस दाखविणें हा त्याच धर्माचा भाग आहे, कीं तो एक निराळाच व्यवहार आहे? आणि या दाखविण्यापायीं जो खर्च होतो, पैशाचा, वेळेचा आणि घरच्या माणसांच्या सुखाचा, तो करण्याचा त्याला अधिकार किती?

हा प्रश्न केवळ तात्त्विक आहे असें वाचकांनीं समजूं नये. मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या अलीकडच्या कांठावर भाईंदर आहे. चर्चगेटपासून तें सुमारें ४३ किलोमीटर. एके काळीं मिठागरांसाठीं प्रसिद्ध असलेल्या या ठिकाणीं १९८५ सालीं नगरपालिका आली आणि २००२ सालीं मीरा-भाईंदर महानगरपालिका. नवघर, गोडदेव, खारीगांव हीं जुनीं गांवें आतां भाईंदर पूर्वेच्या इमारतींच्या दाटींत मिसळून गेलीं आहेत. मुंबईंत जागा घेणें ज्यांना परवडलें नाहीं अशीं हजारों मध्यम स्थितींतलीं कुटुंबें येथें येऊन राहिलीं. समजा, अशाच एका दोन खोल्यांच्या घरांत एक चित्रकलाशिक्षक राहतो. दिवसा तो शाळेंत मुलांना चित्रकला शिकवितो आणि रात्रीं स्वयंपाकघरांतलें आवरणें झालें कीं तेथेंच कॅनव्हास उभा करितो. वीस वर्षांचीं चित्रें माळ्यावर रचलेलीं आहेत. काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरींत एक आठवडा आपलीं चित्रें लागावीं ही त्याची आयुष्याची इच्छा. त्या एका आठवड्यासाठीं वर्षानुवर्षें वाट पाहावी लागते. आणि पाळी आलीच, तर गॅलरीचें भाडें, चौकटी, निमंत्रणपत्रिका, चित्रांची नेआण, शाळेची रजा, या सर्वांचा मेळ घालतां घालतां मुलीच्या शिक्षणासाठीं राखून ठेवलेली ठेव मोडण्याची वेळ येते. अशा वेळीं त्यानें काय करावें? असे चित्रकार एका भाईंदरांतच नव्हे, महाराष्ट्राच्या प्रत्येक शहरांत आहेत. आणि त्यांना उत्तर देतांना 'कला महान आहे' एवढें म्हणून भागत नाहीं.

प्रथम प्रदर्शनाच्या बाजूनें जें म्हणण्यासारखें आहे तें म्हटलें पाहिजे. प्रदर्शन ही आपल्याकडे फार जुनी संस्था नव्हे. अजिंठ्याच्या चित्रकारांनीं आपलीं नांवेंहि मागें ठेविलीं नाहींत. पुढें चित्रकाराचें पोट राजाच्या किंवा सरदाराच्या मर्जीवर चालूं लागलें. मुंबईंत १८५७ सालीं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघालें आणि १८८८ सालीं बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली, तेव्हां एका माणसाच्या मर्जीऐवजीं अनेक माणसांच्या पसंतीवर जगण्याची वाट चित्रकारास मोकळी झाली. कोल्हापुरांत १८६७ सालीं जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर हे १८९० सालीं जे. जे. स्कूलमध्यें विद्यार्थी म्हणून आले, प्रदर्शनांतून पदकें मिळवून पुढें सरसावले, आणि त्याच संस्थेंत थोर पदास चढून १९३१ सालीं निवृत्त झाले. 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' हें त्यांचें आत्मवृत्त आहे. घराण्याचा किंवा दरबाराचा आधार नसलेल्या मुलास केवळ हाताच्या गुणावर मान मिळावा, ही गोष्ट प्रदर्शनांनीं शक्य केली. तेव्हां प्रदर्शन म्हणजे निव्वळ मिरवणूक, असें म्हणणाऱ्यांस इतिहास ठाऊक नाहीं.

परंतु त्याच कोल्हापुरांत दुसरें एक उदाहरण आहे. अबालाल रहिमान हेहि जे. जे. स्कूलमध्येंच शिकले. मुंबईंत राहून नांव मिळविणें त्यांना कठीण नव्हतें. ते कोल्हापुरास परतले, शाहू महाराजांनीं त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला, आणि १९२२ सालीं महाराज निवर्तल्यानंतरहि कोटितीर्थाच्या कांठीं ते आपलें काम करीत राहिले. तळ्याचें पाणी, सकाळचें धुकें, मावळतीचा उजेड, हाच त्यांचा विषय आणि हाच त्यांचा प्रवास. १९३१ सालीं ते वारले. आणि आयुष्यभर काढलेल्या त्यांच्या चित्रांपैकीं आज फार थोडीं शिल्लक आहेत. अबालालांच्या या विरक्तीचें कौतुक करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आम्हांसहि त्या जीवनाविषयीं आदर वाटतो. पण जीं चित्रें गेलीं तीं कोणाचीं गेलीं, असा प्रश्न विचारला म्हणजे हें कौतुक जरा अडखळतें. अबालालांना तीं काढण्याचा आनंद मिळाला होता, त्यांचें कांहीं गेलें नाहीं. गेलें तें तुमचें आमचें.

येथें कोणी म्हणेल कीं, चित्र टिकलेंच पाहिजे आणि तें पुष्कळांनीं पाहिलेंच पाहिजे हा आग्रह कशाला? आमच्या घरच्या स्त्रिया पहाटे दारांत रांगोळी काढतात, ती दुपारपर्यंत पायांनीं पुसली जाते, आणि त्याचा खेद कोणी करीत नाहीं. डहाणू-तलासरीकडच्या वारली समाजांत लग्नप्रसंगीं सुवासिनी तांदळाच्या पिठानें भिंतीवर चौक लिहितात. तो लिहिल्याखेरीज लग्न पुरें होत नाहीं. आणि लग्न पार पडलें म्हणजे त्या चौकाचें पुढें काय झालें याची चिंता कोणी वाहत नाहीं. आक्षेप मोठा आहे, आणि त्याचा विचार केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

आमच्या मतें या आक्षेपांतच प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे. चौक हा कोणास 'दाखविण्या'साठीं नसतो हें खरें. पण तो निष्प्रयोजनहि नसतो. तो देवीला बोलावितो, वधूवरांस आशीर्वाद मिळवून देतो, आणि हें काम होतांच त्याचें जीवित सफल होतें. रांगोळीहि सकाळ शुभ करून आपलें काम पुरें करिते. चौकटींत बसणाऱ्या कॅनव्हासला असें कोणतें काम आहे? तो कोणत्या विधीचा भाग नाहीं, कोणत्या भिंतीशीं बांधलेला नाहीं. तो उचलून नेतां यावा आणि पुष्कळ वर्षें टिकावा अशा रीतीनेंच केलेला असतो. म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांसमोर जाणें हेंच त्याचें प्रयोजन. तेव्हां 'मी केवळ स्वतःसाठीं चित्र काढतो' असें कॅनव्हासवर काम करणारा चित्रकार म्हणूं लागला, तर त्याचें साधनच त्याच्याविरुद्ध साक्ष देईल. याच वारली चित्रांचें उदाहरण पुढें पाहा. १९७० च्या दशकांत जिव्या सोमा मशे यांनीं लग्नप्रसंगावांचूनहि रोज चित्रें काढण्यास आरंभ केला. चित्र भिंतीवरून कागदावर व कापडावर आलें, आणि येतांच त्याला प्रेक्षक लागला. मशे यांचीं चित्रें देशोदेशीं गेलीं व २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. भिंत सुटली कीं विधि सुटतो, आणि विधि सुटला कीं पाहणारा हवा.

म्हणून आमचा पहिला निष्कर्ष असा कीं, दाखविणें हा चित्रकाराच्या कर्तव्याचाच भाग आहे. अज्ञातवासाचाहि एक अहंकार असतो, आणि चित्रें माळ्यावर कोंडून ठेवून जगाला नांवें ठेवणाऱ्यांत तो पुष्कळदां आढळतो. पण दुसरा निष्कर्षहि लागलाच मांडला पाहिजे. कर्तव्य दाखविण्याचें आहे. किती जणांस, कोणत्या दालनांत आणि किती गाजावाजानें, याचें नव्हे. वासुदेव गायतोंडे यांचें उदाहरण घ्या. नागपूर येथें १९२४ सालीं जन्मलेल्या या चित्रकारानें वर्षाकाठीं मोजकींच चित्रें केलीं आणि गर्दीपासून तो दूर राहिला. २००१ सालीं ते वारले. पुढें २०१३ च्या डिसेंबरांत मुंबईच्या लिलावांत त्यांच्या एका चित्रास २३ कोटींहून अधिक रुपये आले, व २०१४ सालीं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानें त्यांचें मोठें प्रदर्शन भरविलें. लोक हें उदाहरण देऊन 'पाहा, शेवटीं कीर्ति आलीच' असें म्हणतात. आम्हांस त्यांतलें तात्पर्य उलट वाटतें. ती कीर्ति आली नसती तरी गायतोंड्यांच्या आयुष्यांत चुकलें असें काय होतें? ज्यांना पाहावयाचें होतें त्यांना त्यांचीं चित्रें पाहावयास मिळत होतीं. लिलावाची हातोडी मागाहून पडली, तिनें चित्रांतला एकहि रंग बदलला नाहीं.

आतां प्रवासाविषयीं. स्फूर्तीसाठीं देशांतर करावें हा समज फार रूढ आहे, आणि त्याला आधारहि आहे. फ्रेंच चित्रकार देलाक्रवा १८३२ सालीं मोरोक्कोस गेला, आणि तेथें पाहिलेल्या गोष्टी तो पुढें मरेपर्यंत रंगवीत राहिला. आपले नारायण श्रीधर बेंद्रे हे इंदुरास जन्मले, काश्मिरांत राहिले, अमेरिकेपर्यंत हिंडले, आणि १९५० पासून बडोद्यास त्यांनीं विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या. प्रभाकर बरवे हे तर नोकरीनिमित्त काशीस गेले. तेथील चार वर्षांत तांत्रिक प्रतिमांशीं झालेला परिचय त्यांच्या चित्रांस नवें वळण देऊन गेला. उलट पक्षीं सेझानपाशीं आपल्या एक्स गांवाजवळचा एकच डोंगर होता. तो त्यानें पुन्हां पुन्हां रंगविला, आणि १९०६ सालीं उघड्यावर चित्र काढीत असतां वादळांत सांपडून आजारी पडला व त्यांतच वारला. व्हॅन गॉग १८८८ सालीं दक्षिण फ्रान्समध्यें गेला तो जपान शोधावयास. जपान त्यानें कधीं पाहिला नव्हता. पाहिलीं होतीं तीं जपानी छापचित्रें. या सर्वांत समान तें काय? ज्याला घरीं पाहण्याची संवय होती, त्यालाच परदेशानें कांहीं दिलें. भाईंदरच्या मिठागरांचें पाणी उन्हाळ्यांत आटून पांढरें होतें, त्यावर मिठाच्या राशी उभ्या राहतात, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तेथेंच नुसतें आभाळ पसरलेलें दिसतें. खाडीच्या पुलावरून रोज गाडीनें जाणाऱ्या ज्या चित्रकारास हें दिसलें नाहीं, त्यास काश्मिरांतहि दिनदर्शिकेवरचें काश्मीरच दिसेल.

प्रवासाच्या प्रश्नाला नीतीची दुसरीहि एक बाजू आहे, आणि ती कटु आहे. गोगँनें बायको व पांच मुलें मागें टाकिलीं आणि १८९१ सालीं तो ताहितीस गेला. चित्रें अपूर्व झालीं, म्हणून जगानें त्याला क्षमा केली. परंतु जगाला क्षमा करण्याचा अधिकार कोणीं दिला? ऋण होतें तें पत्नीचें व मुलांचें. चित्रें मिळालीं तीं जगाला. सावकार एक आणि परतफेड दुसऱ्यास, याला कोणत्याहि शास्त्रांत ऋणमुक्ति म्हणत नाहींत. गोगँची चित्रें थोर आहेत हें आम्हांस मान्य आहे. तें ऋण फिटलें हें मान्य नाहीं.

चित्रशाळेच्या भेटींविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. पाहुणा आला म्हणजे चित्रकार आपलीं उत्तम चित्रें पुढें मांडतो, आणि पाहुणा घड्याळ पाहत त्यांची स्तुति करितो. त्यांतून दोघांसहि कांहीं मिळत नाहीं. खरी भेट ती, जींत बिघडलेलीं चित्रेंहि भिंतीकडून वळवून दाखविलीं जातात, आणि तीं कां बिघडलीं याची चर्चा होते. अशा भेटीची बातमी छापण्यासारखी नसते.

तर मग आमच्या त्या शिक्षकानें काय करावें? मुलीची ठेव त्यानें मोडूं नये. चित्रें दाखविणें हें त्याचें कर्तव्य आहे, आणि तें शाळेच्या सभागृहांत, इमारतीच्या गच्चीवर, गणेशोत्सवाच्या मांडवांतहि पार पडतें. काळा घोड्यास जाण्याची त्याची इच्छा अयोग्य नाहीं. पण ती इच्छा आहे, कर्तव्य नव्हे. नोकरींत बढती इच्छावी तशीच ती आहे. आणि तिचा खर्च घरच्या माणसांच्या संमतीनें व घरच्या ऐपतीप्रमाणें व्हावा. तिला कलेचें नांव देऊन पत्नीला व मुलीला निरुत्तर करणें हा अन्याय होय. घरच्यांनीं आपण होऊन ती ठेव पुढें केली तर गोष्ट निराळी. पण तेव्हांहि त्यानें ती कर्ज म्हणून घ्यावी, दक्षिणा म्हणून नव्हे.

मात्र एवढ्यावर आपली सुटका होत नाहीं. चित्रकारानें स्वस्तांत, जवळपास, आपल्या वस्तींत चित्रें मांडावीं असें ज्या वाचकांस पटलें, त्यांनीं तेथें जाऊन तीं पाहिलीं पाहिजेत. लग्नाच्या मांडवांत आपण चार तास घालवितों, शेजारच्या सभागृहांत चित्रें लागलीं असतां चार मिनिटें थांबत नाहीं. आणि मुलगा चित्रकार होईन म्हणाला तर 'खाशील काय' एवढाच प्रश्न त्याला विचारतों. दाखविणें हें जर चित्रकाराचें कर्तव्य असेल, तर पाहणें हें कोणाचें तरी कर्तव्य असलेंच पाहिजे. पुढच्या रविवारीं सहकुटुंब एखादें प्रदर्शन पाहावें, एका चित्रासमोर थोडा वेळ उभें राहावें, आणि तें समजलें नाहीं तर चित्रकारास तसें सरळ विचारावें. उत्तर देण्याचा त्याला कंटाळा येणार नाहीं अशी आमची खात्री आहे.