गर्दी उतरवताना

तैलरंग शिकायला बसलेल्याच्या पुढे आपल्याकडे आधी मडकं, दोन फळं आणि मागे चुण्यांचं कापड मांडतात. पद्धत वाईट नाही. पण मडक्यासमोर बसलेल्यावर काही वगळायची पाळीच येत नाही, आणि चित्रकाराचं निम्मं काम वगळण्याचंच असतं. ते शिकायचं तर थोरल्या पीटर ब्रॉयगलच्या १५५९ सालच्या ‘कार्निव्हल आणि लेंट यांची लढाई’ या चित्राची नक्कल करावी, असं माझं मत आहे.

चित्र व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये आहे. ओकची फळी, सुमारे ११८ सेंमी उंच, १६४ सेंमी रुंद. त्यावर फ्लेमिश गावातला चौक, उंचावरून पाहिलेला. डावीकडे दारूचा गुत्ता, उजवीकडे चर्च. पिंपावर स्वार झालेला ढेरपोट्या कार्निव्हल भाजलेल्या मांसाचा गज भाल्यासारखा रोखून आहे. समोरची हाडकुळी लेंट म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांचा काळ. तिचं शस्त्र म्हणजे भट्टीत पाव सरकवायचं लांब फावडं आणि त्यावर दोन मासे. भोवती फासे खेळणारे, विस्तवावर वॉफल भाजणारी बाई, मासळीचा ठेला, विहीर, पांगळे भिकारी.

नक्कल करणारा आधी चेहऱ्यांशी अडतो. जवळून पाहिलं तर बहुतेक चेहरे कुंचल्याच्या मोजक्या स्पर्शांत उरकलेले. माणूस ओळखू येतो तो पाठीच्या बाकावरून, मानेवरून, कुठल्या पायावर भार आहे त्यावरून. प्रत्येकाला नाकडोळे कोरत बसलात की गर्दी मेलीच. उरतो ग्रूप फोटो. दुसरी गोष्ट जमिनीची. माणसांमधली फिकट पिवळसर मोकळी जागा आधी नीट उतरवली, तर माणसं आपोआप आपापल्या जागी उभी राहतात. नजर त्याच वाटांनी हिंडते, आणि अंतराअंतरावर पेरलेला लाल रंग तिला पुढे ढकलतो.

ब्रॉयगलचा रंग पातळ आहे. खडू आणि सरसाच्या पांढऱ्या अस्तराचा उजेड त्यातून वर येतो, कुठे कुठे खालचं रेखाटनही डोकावतं. ट्यूबमधला रंग थापायची सवय लागलेल्याला हे जड जातं. टर्पेंटाइनने पातळ केलेल्या अंबर या तपकिरी रंगाने सुरुवात करावी. त्यातल्या मँगनीजमुळे तो लवकर वाळतो. पुढच्या प्रत्येक थरात तेल थोडं वाढवायचं. उलट केलं तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात.

नकलेला नाक मुरडणाऱ्यांनी ब्रॉयगलच्या मुलाकडे पाहावं. बाप १५६९ मध्ये गेला तेव्हा धाकटा पीटर जेमतेम चार-पाच वर्षांचा. मोठेपणी त्याने बापाच्या चित्रांच्या प्रतींवरच चित्रशाळा चालवली. आकृत्या तंतोतंत, पण कपड्यांचे रंग अनेकदा वेगळे. त्यावरून अभ्यासकांचं अनुमान असं, की त्याच्या हाती बहुधा मूळ चित्रं नसून बापाची रेखाटनं होती. रांगोळीच्या छापासारखा भोकांचा कागद ठेवून, त्यावरून कोळशाची पूड फिरवून तो आकृत्या उतरवून घेई. गंमत पुढे आहे. ‘कार्निव्हल’च्या मूळ चित्रातली प्रेतं नंतर कुणीतरी रंग चढवून झाकली; प्रतींमध्ये ती शाबूत राहिली.

अजिंठ्याच्या प्रतींना मात्र हे नशीब लाभलं नाही. रॉबर्ट गिलच्या तैलरंगातल्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांना लेण्यांत बसवून पुन्हा प्रती करवल्या. त्यांतल्याही कित्येक १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. तरी त्या अंधारात भिंतीवरचे मेळे उतरवताना मुलांचा हात तयार झाला, तो काही जळाला नाही.

आज व्हिएन्नाला जायचीही गरज नाही. २०१८ पासून त्या संग्रहालयाने आपले ब्रॉयगल अतिसूक्ष्म छायाचित्रांत, अवरक्त आणि क्ष-किरण प्रतिमांसह, इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. पूर्ण चित्राच्या मागे लागू नका. मासळीचा ठेला तेवढा घ्या, आणि आधी जमीन रंगवा.