अमीन कोण?

अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लोणारची नोंद केली आहे. इथे काच आणि साबण करण्याचे साहित्य मिळते, त्यातून सरकारला महसूल होतो, असा तिचा आशय. खार काढणारे हात कुणाचे, हे त्यात नाही. नोंद महसुलासाठी होती, माणसांसाठी नव्हती.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले. वनखात्याने नमुने तपासायला पाठवले. हा रंग हॅलोआर्किया नावाच्या, खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा आहे, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला आढळले. लोणारसारख्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातल्या जीवांना उद्योगात मोल असते. अशा काही जिवाणूंची विकरे धुण्याच्या पावडरीत वापरतात. म्हणजे पुन्हा साबणच! फरक एवढाच की आता माती उचलून न्यावी लागत नाही. जिवाणूचा जनुकक्रम संगणकावर चढला की तो जगात कुठेही वाचता येतो. अमेरिका, युरोप आणि जपानमधल्या खुल्या संग्रहांत असे क्रम ठेवलेले असतात. ज्या गावच्या पाण्यातून तो आला, त्या गावाला विचारावे असे वापरणाऱ्यावर बंधन पडत नाही.

कुणी म्हणेल, ज्ञान खुलेच असावे. खरे आहे. इल्म दडवून ठेवणे आपल्याकडेही गैरच मानले आहे. पण विहीर सर्वांसाठी खुली असली, तरी ज्याच्याकडे मोटार त्याचेच शेत भिजते. आफ्रिकी देशांनी जैवविविधतेच्या जागतिक परिषदांत हाच मुद्दा लावून धरला. २०२२ मध्ये आफ्रिकी संघाने माहितीविषयी सबंध खंडासाठी धोरण आखले, त्यामागेही हीच चिंता होती: माहिती आमची आणि नफा दुसऱ्याचा, असे किती दिवस? फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘काली निधी’ सुरू झाला. जनुकक्रम वापरून कमावणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा एक टक्का किंवा उत्पन्नाचा एक दशांश टक्का त्यात द्यावा, आणि निदान निम्मी रक्कम मूलनिवासी व स्थानिक समाजांकडे जावी, अशी अपेक्षा आहे. अपेक्षाच, सक्ती नाही.

जिवाणूंचे जे, तेच माणसांचे. देशातले पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. तेव्हापासून आपण बोटांचे ठसे देत आलो. त्यांचे पुढे काय होते, हे विचारायची सवय मात्र आपल्याला लागली नाही. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती बाळगणाऱ्याला ‘डेटा फिड्युशरी’ म्हटले. फिड्युशरी म्हणजे विश्वासाने सांभाळणारा. आपल्याकडे त्याला जुना शब्द आहे: अमीन. पण त्याच कायद्यात केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहे. स्वतःला हिशेबातून वगळून घेणाऱ्याला अमीन म्हणावे का?

मक्केतल्या लोकांनी हजरत मुहम्मद (स.) यांना ‘अल्-अमीन’ म्हटले. हिजरतीच्या रात्री जिवावर बेतले असतानाही त्यांनी हजरत अलींना मागे ठेवले. ते लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी. त्या ठेवींत विरोधकांच्याही होत्या. अमानतीची कसोटी ही आहे. ठेव देणारा दुबळा आहे की वैरी, हे पाहायचे नसते. ठेवीचा मालक तोच, सांभाळणारा नव्हे.

मात्र सरकारकडे आणि कंपन्यांकडे बोट दाखवण्याआधी आपलेही घर पाहावे. वक्फचा सिद्धान्तच असा की मूळ मिळकत विकायची नाही आणि लाभ गरजूंना द्यायचा. मुतवल्ली हा राखणदार, मालक नव्हे. २०२५ मध्ये वक्फच्या नोंदी ‘उमीद’ पोर्टलवर चढवायची वेळ आली, तेव्हा कितीतरी ठिकाणी जुने कागद शोधण्यासाठी धावपळ उडाली. त्या कायद्याविषयी मतभेद जरूर असावेत, माझेही आहेत. पण आपल्याच नोंदी आपण इतकी वर्षे कशा ठेवल्या, हा प्रश्न कायद्याने निर्माण केलेला नाही.

हिशेब मागण्याचा हक्क हिशेब देणाऱ्यालाच शोभतो. जमातीच्या दप्तरापासून सुरुवात केली, तर लोणारच्या पाण्याचा आणि आपल्या बोटांच्या ठशांचा हिशेबही ताठ मानेने मागता येईल.